कारणाचा रकाना

रांझी, जबलपूर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रणोती,

आशीर्वाद वर लिहायचा की नाही हे ठरवण्यात चहा थंड झाला. सहा वर्षांनी पत्र लिहितोय, म्हणून तो शेवटी लिहीन. मधलं वाचून हवासा वाटला तर घे.

फोन काहून नाही केला, म्हणशील. एक तर तू माझा फोन उचलत नाहीस. दुसरं म्हणजे माझा मोबाइल सध्या ठाण्यात जमा आहे. शेजारी माझी बंदूकही जमा आहे, आणि या वेळी निवडणुकीसाठी नाही.

घाबरू नकोस. मी बरा आहे, आई बरी आहे. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, पण लिहिणारा हात उजवा आहे.

झालं असं. मंगळवारी, ११ तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दोन माणसं दारात आली. "बिजली का मीटर देखना है," म्हणाली. मी दार उघडलं. एकानं आत येऊन कडी लावली, दुसरा कपाटाच्या खोलीत घुसला. पहिल्याच्या हातात लोखंडी सळई होती. झटापटीत माझं मनगट गेलं. मी मागे सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलंय म्हणून बंदूक सकाळीच साफ करून तिथे उभी ठेवली होती. ती घेतली आणि झाडली. अंतर अकरा फूट, नंतर टेपनं मोजलं. छर्रे त्याच्या मांडीत आणि ओटीपोटात लागले. दुसरा पळाला. जखमी सरकारी दवाखान्यात आहे. नाव चिराग, वय एकतीस. अजून शुद्धीवर नाही. तुझी आई दिवसातून तीनदा विचारते, तो शुद्धीवर आला का. तिला त्या बदमाशाचा इतका पुळका कशाला, मला समजत नाही.

प्लास्टर घालून मी दवाखान्यातून थेट ठाण्यात गेलो. ठाण्याचा इन्स्पेक्टर, टीआय, तरुण आहे, भला आहे. "अंकल, आराम से बताइए," म्हणाला. मी म्हटलं, सांगायचं कशाला, लिहूनच देतो. ठाण्याच्या बाकावर बसून चार पानं लिहिली, फॅक्टरीतल्या अपघाताच्या फॉर्मसारखी: वेळ, जागा, माप, कारण. प्रत्येक पानाखाली सही. कारणात लिहिलं, 'गोली मैंने चलाई। पूरी ज़िम्मेदारी मेरी।' चौतीस वर्षांच्या नोकरीत कारणाचा रकाना मी कधी कोरा सोडला नाही, हे तुला लहानपणापासून ऐकून ऐकून पाठ असेल. टीआय म्हणाला, असा बयान त्यानं आजवर पाहिला नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मला अटक केलेली नाही. नोटीस दिली आहे, बोलावलं की जायचं. २६ तारखेला मजिस्ट्रेटपुढे हेच एकदा सांगायचं आहे, "फिर बात पक्की," असं टीआयचं म्हणणं. आईलाही बयानासाठी ठाण्यात बोलावणार आहेत.

तू वकील आहेस म्हणून हे लिहीत नाहीये. खरं बोलणाऱ्याला वकील लागत नाही हे माझं मत तुला माहीत आहे, त्याच्यावरूनच तर तू गेलीस. लोकांकडून कळण्यापेक्षा बापाकडून कळलेलं बरं, एवढंच. पत्र टाकायला सुशांतकडे देतोय. भाऊरावचा मुलगा सुशांत. रिक्षा चालवतो आता.

आशीर्वाद.

बाबा


रांझी
२० नोव्हेंबर

प्रणोती,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फॅक्टरीचा मेमो! 'प्रिय' नाही, 'कसे आहात' नाही. एक छापील वकीलपत्र, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुली, आणि खाली सात ओळी. पेन्सिलीची फुली पाहून मात्र हसू आलं. तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी सही करायचो, तेव्हा अशी फुली मी करून घ्यायचो तुझ्याकडून.

सही केली. रागानं केली, पण केली. सोबत जोडतोय. या सहीनंतर मी तुला जे लिहीन ते अशिलानं वकिलाला लिहिलेलं असेल, आणि ते दाखवा म्हणून कोणी माझ्यावर किंवा तुझ्यावर जबरदस्ती करू शकणार नाही, असं तू म्हणतेस. फोनवर केसबद्दल बोलायचं नाही, हेही कळलं. म्हातारपणी पुन्हा टपालाचे दिवस आले.

बाकीच्या ओळी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. बाईमाणसाला साक्षीच्या बयानासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. हे ऐकून आईनं नुसतं "अच्छा" म्हटलं आणि भाजी निवडत राहिली. पोलिसांनी घेतलेल्या बयानावर सही करायची नसते, हे ऐकून मला धक्का बसला. माझ्या चार सह्या म्हणजे कोणी न मागितलेलं दान झालं म्हणायचं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, मजिस्ट्रेटपुढची मात्र चालते, म्हणून सव्वीस तारखेपर्यंत कोणाशी काही बोलू नका. बरं बाई. टीआयनं काल पुन्हा बोलावलं होतं. मी सुशांतच्या हाती चिठ्ठी पाठवली की माझ्या वकिलाशी बोलून येईन. चिठ्ठी लिहिताना हात असा जड झाला, जसा काही मीच कुठे दरोडा घातला आहे.

आता तुझी शेवटची ओळ. 'काडतुसं कोणी आणली?'

हा काय प्रश्न झाला? मीच आणली. स्वयंपाकघरातून. दोन पावलांवर तर होती. बंदूक माझ्या ताब्यात आणि काडतुसं तुझ्या आईच्या ताब्यात, हा आपल्या घरचा नियम आमच्या लग्नापासूनचा आहे. रागाच्या भरात कोणा एकट्याच्या हातून काही होऊ नये म्हणून माझ्या बापानंच तो घालून दिला होता. ती कुठल्या डब्यात ठेवते हे मला आजतागायत माहीत नाही, असं मी पाहुण्यांना हसून सांगायचो, तेव्हा तू माझ्या मांडीवर बसलेली असायचीस.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं होतं. असो. सापडली मला.

दवाखान्याची चिठ्ठी मागितलीस, तिचा फोटो सुशांतच्या मोबाइलवरून पाठवतोय. डॉक्टरचं अक्षर मला लागलेलं नाही. थंडी पडायला लागली आहे, मी मफलर घालून बसतो. आईचा उजवा खांदा भरला आहे, पलंग सरकवला म्हणते. पलंग जिथल्या तिथेच आहे.

बाबा


रांझी
२३ नोव्हेंबर
वकिलासाठी

प्रणोती,

तुझं दुसरं पत्र आज दुपारी आलं. हे पहिल्यापेक्षा लहान आहे आणि मी ते चार वेळा वाचलं.

चिठ्ठीत मनगटाच्या नोंदीखाली तुला डॉक्टरची अजून एक ओळ सापडली, गळ्यावर आडवा लाल वळ. ती ओळ माझ्या चार पानांत कुठेच नाही. तू लिहितेस, 'मोडलेल्या मनगटानं बंदूक उघडून काडतूस कसं भरलं? वकील म्हणून विचारतेय. उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नका, बाबा. पण खोटं लिहू नका.'

ते 'बाबा' वाचून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

तर लिहितो.

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कधी पोचलोच नाही. पुढच्या खोलीत त्यानं मला पाडलं, छातीवर बसला आणि सळई माझ्या गळ्यावर आडवी दाबली. दुसरा कपाट फोडत होता, त्याचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला. मला छताचा पंखा दिसत होता. पंख्याची पाती पुसायची राहिली आहेत, हा विचार मनात आला. हसू नकोस, खरंच आला.

तुझी आई मागच्या अंगणात होती. ती आत आली. बंदूक मी साफ करून ठेवली होती तिथेच होती. काडतुसं साबुदाण्याच्या डब्यात होती, हे मला आता कळलं. ती दारात उभी राहून ओरडली, "छोड़ दो!" मी ऐकलं. पुन्हा ओरडली. त्यानं वळून पाहिलं आणि सळई अजून दाबली. मग आवाज झाला. तिनं त्याच्या कमरेखाली नेम धरला होता. दोन छर्रे माझ्या बरगडीशेजारच्या फरशीत आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पनागरच्या शेतावर मीच तिला बंदूक चालवायला शिकवली होती, गंमत म्हणून. तेव्हाही तिचा खांदा महिनाभर दुखला होता.

अकरा फूट खरे आहेत. वेळ खरी आहे. चार पानांतली सगळी मापं खरी आहेत. कारणाच्या रकान्यातलं नाव तेवढं खोटं आहे, आणि ते नाव खपावं म्हणून मी माझी जागा बदलली आणि गळा मफलरमध्ये लपवला.

काहून असं केलं म्हणशील. ती बंदूक हातात धरून दारातच उभी होती. परवाना माझ्या नावावर, तिच्या नावावर काही नाही. चौसष्ट वर्षांची बाई. तिला ठाण्याच्या बाकावर बसलेली बघायची, ही कल्पनाच सहन होईना. पोलिस येईपर्यंत वीस मिनिटं होती. मी तिच्या हातातून बंदूक घेतली आणि म्हटलं, तू अंगणात होतीस, तू काही पाहिलं नाहीस. ती काही बोलली नाही. आजवर बोललेली नाही.

आणि आता जे लिहितोय ते तुला तरी कोणी सांगितलेलं नसेल. सेक्शनमध्ये एखाद्या फिटरच्या हातून जॉब बिघडला, तर मी कारणात त्याचं नाव लिहीत नसे. त्याची वेतनवाढ अडली असती, माझ्यासारख्या देखरेखीवरच्या चार्जमनला नुसता मेमो मिळतो. म्हणून मी माझं नाव लिहायचो. लोक मला देवमाणूस म्हणायचे आणि मला ते आवडायचं. म्हणजे रकाना मी कधी कोरा सोडला नाही हे खरं, पण तो खरा भरला असंही नाही. ठाण्याच्या बाकावर हात आपोआप त्याच वळणानं गेला.

तू लिहितेस की दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेला वार हासुद्धा बचावच आहे, कायदा तो मान्य करतो. परवान्याचा मुद्दा निघेल, पण त्याला उत्तर देता येईल. तू लिहितेस, 'तुम्ही जे लिहून दिलंत त्यात एक मोकळा माणूस दुसऱ्याला अकरा फुटांवरून गोळी घालतो. खरं जे घडलं असेल, त्यात मला वाटतं कोणाचा तरी जीव जात होता.' जात होता, पोरी. माझा जात होता. आणि तोच पुरावा मी मफलरखाली झाकून फिरतोय.

आता सुशांतबद्दल. ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही. २०१९ मध्ये चोरीच्या संशयावरून त्याला बोलावणं आलं, तेव्हा तू त्याला म्हणालीस, वकील येईपर्यंत काही बोलू नकोस. आणि मी भाऊरावच्या ओसरीत दहा माणसांसमोर म्हणालो की माझी मुलगी चोरांना गप्प बसायला शिकवते. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. दुसऱ्या दिवशी मीच त्याला हाताला धरून ठाण्यात नेलं. म्हटलं, खरं बोल, काही होत नाही. तो खरं बोलला. चोरीच्या संध्याकाळी आपण त्या घरावरून गेलो होतो, हेही त्यानं सांगून टाकलं. तेवढ्यावर सात महिने आत राहिला. लग्न मोडलं. मग खरा चोर कटनीला सापडला. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी तुला पत्र लिहायला बसलो होतो. तारीख घातली आणि उठलो.

सुशांत रोज येतो, दळण आणून देतो, मला त्याबद्दल कधी एक शब्द बोललेला नाही. आज पत्र घ्यायला आला तेव्हा पहिल्यांदाच बोलला. "काका, या बारी दीदीचं ऐका."

मी चुकलो होतो. हे वाक्य सहा वर्षं उशिरा येतंय.

बाबा


रांझी
२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
वकिलासाठी

प्रणोती,

तुझे इथले वकीलमित्र अजिंक्यजी काल तुझी चिठ्ठी घेऊन घरी आले. सज्जन माणूस, पण चहात साखर चार चमचे. चिठ्ठीत तू लिहिलंस, 'खोटं सांगायचं नाही. आईचं नावही घ्यायचं नाही, ते सांगणं तिचं आहे. एकच वाक्य म्हणा, मला बयान द्यायचं नाही. हे वाक्य खोटं नाही, बाबा.'

रात्रभर ते वाक्य घोकलं. सत्तरीला आलेला माणूस परीक्षेच्या पोरासारखा.

आज संविधान दिवस होता. कोर्टाच्या आवारात फलक लागला होता, शाळेतली मुलं काहीतरी वाचून दाखवत होती. टीआय मला आत सोडून बाहेर गेला, त्याला बाहेरच थांबावं लागतं. मजिस्ट्रेट बाई होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आप पर किसी का दबाव तो नहीं है? देखिए, आप बयान देने के लिए बाध्य नहीं हैं। देंगे तो वो आपके ख़िलाफ़ इस्तेमाल हो सकता है। नहीं देंगे तो इस वजह से आपको पुलिस के हवाले नहीं किया जाएगा। बाहर बैठकर सोच लीजिए।"

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तू ओसरीत सुशांतला जे सांगितलं होतंस, ते खुर्चीवर बसलेल्या कोर्टानं मला सांगितलं. वकिलाची चलाखी म्हणून ज्याची मी थट्टा केली, ते सांगणं मजिस्ट्रेटचं कामच आहे म्हणे. त्या पोराला कोणी असं बसवून विचारलं असतं तर? तासभर बसलो. पाणी प्यायलो. मनात दोन्ही वाक्यं तयार होती. 'गोली मैंने चलाई' हे तर जिभेवरच होतं, पंधरा दिवसांचं घोटलेलं. ते बोललो असतो तर मोकळा झालो असतो, आत जाऊन का होईना.

पुन्हा आत बोलावलं. मी म्हटलं, "मैडम, मैं बयान नहीं देना चाहता।"

मला वाटलं होतं त्या पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतील, जसा मी कोरा फॉर्म आणणाऱ्या कामगाराकडे बघायचो. त्यांनी काही बघितलं नाही. एक ओळ लिहिली, "ठीक है," म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली. बाहेर टीआयचा चेहरा उतरला होता. "अंकल, आप तो सीधे आदमी थे," म्हणाला. लागलं मला ते. पण उत्तर दिलं नाही, कारण तू देऊ नका म्हटलं होतंस.

घरी आलो. आई विळीवर भोपळा चिरत होती.

"काय सांगितलं तुम्ही?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे बयान दिला नाही. मला द्यायचा नाही म्हटलं."

तिनं विळी आडवी केली. हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मग आता मला बोलता येईल नं?"

मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो. ती म्हणाली, "पंधरा दिवस झाले, तुम्ही मला बोलू नाही देऊन राहिले. मी खरं बोलले तर तुम्ही खोटे ठरता. तुम्हाला वाचवायला मी गोळी घातली, अन् तुम्ही तीच माझ्यापासून काढून घेतली. आत माझं काय होऊन राहिलं ते विचारलं काहून नाही एकदाही? तो माणूस मेला असता, तर मी ते कोणाला सांगितलं असतं?"

प्रणोती, बेचाळीस वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग बोललेली मला आठवत नाही. मग ती रडली. मीही रडलो. भोपळा तसाच राहिला आणि आम्ही सुशांतनं आणलेले पोहे खाल्ले.

रोज तीनदा ती त्या चिरागचं काहून विचारायची, ते मला त्या वेळी कळलं. मी तिला सांभाळतोय असं समजत होतो. ती एकटी होती गं, माझ्याच घरात.

तिला तुझ्याशी बोलायचं आहे. केसबद्दल नाही म्हणते, असंच.

बाबा


रांझी
१५ डिसेंबर

चि. प्रणोतीस आशीर्वाद. या वेळी वरतीच लिहिला.

तुझं वकीलपत्र तू मागे घेतल्याचा कागद मिळाला. आई आणि मी, दोघांची बाजू एकच माणूस चालवू शकत नाही, आणि माझ्याकडून सगळं ऐकून घेतल्यावर तिचीही चालवू शकत नाही, हे तू बजावलंस. आईला तू ठरवलेल्या वकीलबाई आवडल्या आहेत. माझ्या चार पानांचं जे काय व्हायचं ते अजिंक्यजी बघतायत. खोटं लिहून दिलं, त्याचं काही भोगावं लागलं तर भोगेन.

तू आता वकील नाहीस, म्हणून यापुढे केसबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही, असा शेवटचा हुकूम. जे सगळ्यांसमोर घडलं आणि फायलीत गेलं, तेवढंच लिहितो. तेवढी सूट दे.

आईचा अटकपूर्व जामीन मंजूर झाला. मग शुक्रवारी टीआय घरी आला, सोबत एक महिला पोलिस. वकीलबाई शेजारी बसल्या. मला अंगणात बसायला सांगितलं होतं, पण खिडकी उघडी होती. आई बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलली. टीआयनं विचारलं, "माताजी, आपने दो बार आवाज़ दी?" ती म्हणाली, "दो बार, बेटा। तीसरी बार मुँह खोला तो देखा, इनके पैर हिलना बंद हो गए।"

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, सही कुठे करू. तो म्हणाला, "नहीं माताजी, इस पर दस्तख़त नहीं होते।" आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलं. जाताना अंगणात थांबला. माझा मफलर आता नसतो, वळही राहिलेला नाही, पण तो गळ्याकडेच बघत होता. "अंकल, पहले दिन बता देते," म्हणाला. मी त्याला चहा विचारला.

पुढे काय होईल ते कोर्ट ठरवेल. वेळ लागेल म्हणतात. आईला तारखांना जावं लागेल, मी बरोबर जाईन आणि बाहेर बसेन. ती रात्री झोपते आता. पुढच्या खोलीत महिन्याभरानं तिनं केर काढला. पंख्याची पाती पुसायला मला स्टुलावर चढवलं, एका हातानं पुसली.

चिराग शुद्धीवर आला आहे. पाय वाचला. त्याची आई पनागरहून रोज डबा घेऊन येते, असं सुशांतनं ऐकलं. आपली आई म्हणाली, सगळं निपटलं की मी त्या बाईला एकदा भेटीन. काय बोलशील, विचारलं, तर म्हणाली, तेव्हाचं तेव्हा पाहू.

सुशांतची मी परवा भाऊरावच्या ओसरीत, त्याच जागी, सगळ्यांसमोर माफी मागितली. माणसं दहा नव्हती, चारच होती, दोघं वारले आणि बाकीचे मुलांकडे गेले. सुशांतला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो "चलो काका, सवारी आहे," म्हणून पळाला. संध्याकाळी दळण घेऊन आला तेव्हा घटकाभर बसला. आजवर कधी बसत नसे.

तू रविवारी येतेस हे आईनं सांगितलं. तिनं तुझी खोली उघडली आहे. साबुदाण्याच्या डब्यात आता साबुदाणाच आहे, खिचडी करणार आहे.

मी स्टेशनवर येईन. सहा वर्षांचं तुझ्याजवळ बरंच साचलं असेल, आणि मी काय काय बोललो होतो तेही तुला शब्दन् शब्द आठवत असेल. ते सगळं मला सांग. रिक्षात सांग, घरी सांग, आईसमोर सांग. मी मध्ये बोलणार नाही, माझी बाजू मांडणार नाही.

गप्प बसायला शिकलोय मी आता. तूच शिकवलंस.

तुझा
बाबा